मुलं मोठी झाली म्हणून निर्धास्त होऊ नका: तेरा ते अठरा वयाच्या मुलांना उन्हाळी शिबिराला पाठवण्याआधी

परीक्षा संपायच्या आतच कोल्हापुरात शिबिरांची पत्रकं फिरायला लागतात. पन्हाळ्यावर साहस शिबिर, राधानगरीकडे निसर्ग शिबिर, गगनबावड्याला ट्रेकिंग, शिवाय पोहण्याचं, फुटबॉलचं, तालमीतलं असतंच. मूल चौथी-पाचवीत असतं तेव्हा आपण आयोजकांना दहा प्रश्न विचारतो. तेच मूल नववीत गेलं की “आता मोठं झालंय, सांभाळेल की” म्हणतो आणि फॉर्म भरून मोकळे होतो. माझ्या मते जास्त प्रश्न याच वयासाठी विचारायला हवेत.

मी स्वतः दोन मुलांना शिबिरांना पाठवलं आहे आणि उन्हाळ्यात स्वयंसेवक म्हणून शिबिरांवर जाते. या वयाच्या मुलांची एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: त्रास झाला तरी ती सांगत नाहीत. ताप अंगावर काढतात, पायाला आलेला फोड मोज्यात लपवतात, कुणी नको तसं बोललं तर गप्प बसतात. सोबतच्यांत हसं होईल किंवा घरचे न्यायला येतील, ही भीती असते. म्हणून खाली जे सांगते आहे त्यात मी एकच बघते: दुखणं लहान असताना ते कुणाला तरी कळेल का?

१. पैसे भरायच्या आधी आयोजकांना समोरासमोर भेटा

फोनवर सगळेच “काळजी करू नका, आपलीच पोरं आहेत” म्हणतात. भेटायला जा, मुलालाही सोबत न्या आणि हे विचारा:

- किती मुलांमागे एक मोठं माणूस? माझा हिशेब दहामागे एक असा आहे. पाण्यात किंवा दोरावर असताना त्याहून जास्त माणसं हवीत. स्वयंपाकी आणि ड्रायव्हर यात धरायचे नाहीत.
- मुली असतील तर रात्री मुक्कामाला बाई कोण? नाव सांगा. “असतात की मॅडम” हे उत्तर चालत नाही.
- प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कुणी घेतलं आहे?
- जवळचा दवाखाना कुठला, आणि मध्यरात्री तिथे न्यायला गाडी जागेवर उभी असते का?
- ठरलेला कार्यक्रम अचानक रद्द करावा लागला तर त्या वेळेत मुलं काय करतात?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. ज्यांनी खरोखर शिबिरं चालवली आहेत ते लगेच सांगतात, “पाऊस आला तर हॉलमध्ये गाठी शिकवतो, ट्रेक दुसऱ्या दिवशी.” ज्यांच्याकडे दुसरा बेतच नसतो ते पावसातही मुलांना गडावर चढवतात.

साहसी खेळ असतील तर नोंदणी विचारा. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं. त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. प्रमाणपत्र दाखवा म्हटल्यावर कुणी रागावलं तर तिथून उठा. शिबिर राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत जाणार असेल तर वनखात्याची परवानगी कशाची आणि किती वाजेपर्यंतची, तेही विचारा. दाजीपूरचं जंगल गव्यांसाठी प्रसिद्ध आहे. गवा दिसायला शांत असतो, पण फोटोसाठी जवळ गेलेल्या माणसावर तो चालून येतो.

२. जागा बघून या, आणि आधी शौचालय बघा

पन्हाळा शहरापासून साधारण २० किलोमीटर. रविवारी जाऊन दुपारपर्यंत परत येता येतं. राहायची जागा, स्वयंपाकघर, पिण्याचं पाणी बघालच, पण सगळ्यात आधी न्हाणीघर आणि शौचालय बघा. दाराला आतून कडी लागते का? रात्री दिवा आहे का? झोपायच्या खोलीपासून किती लांब? मुलींचं वेगळं आहे का, आणि आत झाकणाचा डबा आहे का?

हे एवढं ताणून सांगते आहे, त्याला कारण आहे. शौचालय अस्वच्छ असलं किंवा कडी लागत नसली की या वयाच्या मुली, आणि बरीच मुलंही, पाणी पिणं कमी करतात. कुणाला सांगत नाहीत. बाटली सकाळी भरलेली असते आणि संध्याकाळी तशीच भरलेली राहते. मे महिन्याच्या उन्हात दिवसभर पळापळ, पोटात पाणी नाही, दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं, तिसऱ्या दिवशी पोरगी चक्कर येऊन पडते. सगळे म्हणतात ऊन लागलं. ऊन लागलं हे खरंच, पण सुरुवात त्या तुटक्या कडीपासून झालेली असते. म्हणून कडी तुटलेली दिसली तर आयोजकांना तिथल्या तिथे दाखवा. दहा-वीस रुपयांचं काम आहे.

खिडक्यांना जाळी आणि झोपायला कॉट किंवा निदान मच्छरदाणी आहे का, हेही त्याच फेरीत बघून घ्या. का ते सातव्या पायरीत सांगते.

३. कागदपत्रं: दोन संच करा

एक संच आयोजकांकडे, एक मुलाच्या सॅकमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत.

- आधार कार्डाची प्रत आणि दोन फोटो
- रक्तगट, वजन, ॲलर्जी, दमा, फिट्स, मधुमेह, आधीचं ऑपरेशन, यांची एका पानावर माहिती
- रोजची औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी, वेळ आणि डोस मोठ्या अक्षरात
- धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते
- आई-वडिलांचे आणि तिसऱ्या एका नातेवाईकाचे फोन नंबर, कागदावर
- आरोग्य विमा असेल तर कार्डाची प्रत
- तातडीच्या उपचारांसाठी पालकांचं सहीचं संमतीपत्र
- परत न्यायला कोण येणार त्याचं नाव, फोटो आणि नंबर

फॉर्ममध्ये बहुतेक वेळा एक ओळ असते: “कोणत्याही अपघातास आयोजक जबाबदार राहणार नाहीत.” ती वाचून पालक घाबरतात किंवा न वाचताच सही करतात. अशी ओळ लिहून घेतल्याने आयोजकांचा निष्काळजीपणा माफ होत नाही. मी त्या ओळीवर काट मारते आणि खाली लिहिते, “उपचारांना संमती आहे, निष्काळजीपणाला नाही.” आजवर कुणी हरकत घेतलेली नाही. घेतली असती तर मी पाठवलं नसतं.

आजार लपवू नका. विशेषतः फिट्स आणि दमा. “सांगितलं तर घेणार नाहीत” म्हणून लपवणारे पालक दरवर्षी भेटतात. फिट्स येणारं मूल पाण्यात आणि कड्यावर असताना शेजारच्या माणसाला ते माहीत असायलाच हवं. दम्याचा पंप सॅकच्या तळाशी ठेवून उपयोग नाही, तो खिशात हवा.

४. जायच्या आधी मुलाशी बसून बोला

हे काम गाडी सुटताना खिडकीतून होत नाही. दोन-तीन दिवस आधी, जेवण झाल्यावर, टीव्ही बंद करून बोला. उपदेश नको, ठरवाठरवी करा.

*परवलीचं वाक्य ठरवा.* शिबिरात मोबाईल काढून घेतात आणि फोन लावून देताना शेजारी कुणीतरी उभं असतं. तेव्हा “मला इथे नाही राहायचं” असं मोकळेपणानं बोलता येत नाही. आमच्या घरी ठरलेलं आहे: फोनवर “मांजराला दूध घातलं का?” असं विचारलं की मी काहीही न विचारता निघायचं. आमच्याकडे मांजर नाही. वाक्य तुमचं तुम्ही ठरवा, पण शब्द पक्का पाळा. मुलानं ते वाक्य उच्चारलं आणि तुम्ही “अगं दोन दिवस काढ की, पैसे भरलेत” म्हणालात, तर ते मूल पुन्हा कधी सांगणार नाही.

*नाही म्हणायचा सराव करून घ्या.* आपल्याकडच्या पोरांत ईर्षा लवकर पेटते. “मार की मुटका, भितोस व्हय?” एवढं वाक्य पुरतं आणि पोहायला न येणारं पोर पाण्यात उडी टाकतं. तटावर उभं राहून सेल्फी, बंद केलेल्या वाटेनं उतरणं, कुणाच्या तरी खिशातली माव्याची पुडी किंवा ई-सिगारेट, हे सगळं असंच एका वाक्यानं सुरू होतं. मुलाला तयार उत्तर देऊन ठेवा. “मला नाही जमत” म्हणणं त्या वयात अवघड जातं. “आमच्या पप्पांनी सरांना सांगून ठेवलंय, लगेच घरी धाडतील” हे सोपं जातं. खुशाल आपल्यावर ढकलू द्या.

ई-सिगारेटवर देशात २०१९ पासून बंदी आहे, हेही सांगा. “यात तंबाखू नसते, फक्त वाफ असते” असं मुलं एकमेकांना पटवतात. निकोटीन त्यातही असतं.

*शरीराबद्दल स्पष्ट बोला.* मुलगा असला तरीही. दोराच्या खेळात प्रशिक्षक हार्नेस बांधताना कमरेला, मांडीला सुरक्षेचे पट्टे लावतो. ते सगळ्यांसमोर, सांगून, आणि पट्ट्यापुरतंच असतं. मुलीचा हार्नेस बाईनं बांधावा असं सांगायचा तिला हक्क आहे. एकट्याला खोलीत बोलावणं, अंघोळीच्या वेळी डोकावणं, “हे आपल्यात ठेव” म्हणणं, रात्री मोबाईलवर मेसेज करणं, यातलं काहीही झालं तर ते कुणी केलं, ते किती आवडते सर आहेत, हे न बघता सांगायचं.

आणि दोन फोन नंबर पाठ करून घ्या. आजकालच्या मुलांना आईचा नंबर पाठ नसतो, कारण तो मोबाईलमध्ये असतो.

५. सॅकमध्ये काय भरायचं

- एकूण दोन लिटर पाणी मावेल अशा बाटल्या, एकीऐवजी दोन
- ओआरएसची पाकिटं
- पूर्ण बाह्यांचे सुती शर्ट, टोपी, पंचा
- पकड असलेले बूट, आधी पंधरा दिवस घालून सैल केलेले. नवे करकरीत बूट घालून ट्रेकला पाठवलं तर पहिल्याच दिवशी फोड येतात. कोल्हापुरी पायताण घरी राहू द्या.
- जास्तीचे मोजे
- टॉर्च, स्वतःची, जास्तीच्या सेलसह
- शिट्टी, गळ्यात अडकवायची
- पॅड, मुलगी असेल तर पाळीची तारीख लांब असली तरी. जागा आणि दगदग बदलली की पाळी मागेपुढे होते.
- नेहमीची औषधं मूळ वेष्टनात
- पातळ रेनकोट

डिओ, अत्तर, भडक वासाचं तेल देऊ नका. गडाच्या कड्यांना आग्या मोहोळ असतात, आणि वासानं, धुरानं, दगड मारल्यानं ती उठतात. मोहोळ उठलंच तर तोंड-डोकं पंचानं झाकून पळायचं, बंद खोलीत किंवा गाडीत शिरायचं. हात झटकत जागेवर उभं राहायचं नाही. डंख नखानं खरवडून काढायचा. ओठ-घसा सुजला किंवा श्वास लागला तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना.

६. प्रवास

कोणत्या गाडीतून नेणार ते विचारा. प्रवासी परवान्याची बस किंवा ट्रॅव्हलर हवी. वडापची, म्हणजे खच्चून भरलेल्या खासगी जीपची, सवय आपल्या अंगवळणी पडली आहे, म्हणून दहाच्या जीपमध्ये अठरा पोरं बसलेली कुणाला खटकत नाहीत. मालवाहू टेम्पोच्या हौद्यात मुलं भरणं तर बेकायदाच आहे. गगनबावडा, आंबा घाटाकडून परतीचा प्रवास उजेडात व्हावा. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला “तू ये मागून मोटारसायकलवरनं” असं सांगणारा आयोजक भेटला तर नमस्कार करून घरी या. अल्पवयीन मुलानं गाडी चालवली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे.

७. शिबिरावर कशाकडे लक्ष हवं

पालक म्हणून तुम्ही तिथे नसणार. पण हे माहीत असेल तर आधीच नेमके प्रश्न विचारता येतात, आणि मुलालाही सांगून ठेवता येतं.

*ऊन.* सकाळी अकरा ते चार मैदानी कार्यक्रम नकोत. तहान लागायची वाट न बघता पाणी प्यायचं. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवायचं. अर्ध्या ग्लासात घट्ट करून प्यायलं तर अपाय होतो. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ. मूल असंबद्ध बोलायला लागलं, अंग तापून लाल झालं, चालताना तोल गेला तर तो उष्माघात. आधी सावलीत घेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला, आणि मग गाडीत घालून न्या. शुद्ध नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नका.

मुलांना मी एक साधी खूण शिकवते: लघवी पाण्यासारखी फिकट असली तर ठीक, सरसूच्या तेलासारखी गडद झाली तर पाणी कमी पडलंय. पोरं लाजत हसतात, पण लक्षात ठेवतात.

*वळीव.* एप्रिल-मे महिन्यात दुपारनंतर ढग भरून येतात आणि तासाभरात विजा कडाडायला लागतात. गडमाथा, मसाई पठारासारखं उघडं पठार, एकटं झाड, सगळंच धोक्याचं. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर पडायचं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप केलं आहे, ते शिबिरप्रमुखाच्या मोबाईलमध्ये आहे का विचारा. ढग आले की दोराचे सगळे खेळ बंद.

*दोर आणि कडा.* रॅपलिंग म्हणजे दोरावरून कडा उतरणं. यात दोन दोर लागतात: एक उतरण्याचा आणि दुसरा, वरून दुसऱ्या माणसानं धरलेला, सुरक्षेचा. “आमच्याकडे एकच दोर असतो पण जाड असतो” असं कुणी म्हणालं तर मुलाला दोरावर चढवू नका. हार्नेसचे पट्टे, कॅराबिनरचा (दोर अडकवायच्या कडीचा) स्क्रू आणि हेल्मेटची हनुवटीखालची पट्टी एकानं बांधायची आणि दुसऱ्यानं तपासायची. दोर हातात घेऊन बघा. मऊ पडलेला, फुगलेला, आतला पांढरा धागा दिसणारा दोर वापरातून बाद करायचा असतो.

आणि केस. मोकळी वेणी, ओढणी, हुडीची दोरी, सैल टी-शर्टचं टोक, यातलं काहीही उतरायच्या कडीत दोरासोबत ओढलं जातं आणि मुलगी कड्याच्या मध्यावर अडकते. केस अंबाड्यात घालून हेल्मेटच्या आत, टी-शर्ट आत खोचलेला. हे बघायला दहा सेकंद लागतात.

प्रशिक्षकानं उत्तरकाशी, दार्जिलिंग किंवा मनालीच्या संस्थेतून गिर्यारोहणाचा कोर्स केला आहे का विचारा. बेसिक कोर्स केलेला माणूस स्वतः चढायला शिकलेला असतो. चाळीस पोरांना एका दिवसात उतरवण्यासाठी पुढचं प्रशिक्षण आणि अनुभवी माणसाच्या हाताखाली काढलेली वर्षं लागतात. मुलाला भीती वाटली आणि ते कड्याच्या टोकावरून मागं फिरलं तर प्रशिक्षक काय म्हणतो, तेही विचारा. चिडवणारा, ढकलणारा माणूस तिथे नको.

दोर नसतानाही कडा असतोच. पन्हाळ्याच्या तटाजवळ वाळलेल्या गवतावरून पाय पुढे सरकतो, आणि जांभ्याची खडी बुटाखाली घरंगळते. तटबंदीवर चढायचं नाही हा नियम पहिल्या दिवशी सांगून भागत नाही, तिथे एक माणूस उभा करावा लागतो.

*पाणी.* पोहायला येत असो वा नसो, तलावात, धरणात, नदीत लाइफ जॅकेटशिवाय मूल उतरवायचं नाही. जॅकेटचे बक्कल लावून, खांद्याला धरून वर ओढून बघायचं. कानापर्यंत वर आलं तर ते मोठं आहे. “विहिरीत डबा बांधून शिकलाय तो” हे मी नेहमी ऐकते. शेतातल्या विहिरीत पोहणारं पोर वाहत्या पाण्यात गडबडतं. बंधाऱ्याच्या जवळ तर अजिबातच जायचं नाही. आपल्या कोल्हापुरी बंधाऱ्याला बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, असतात. ते काढलेल्या गाळ्यात पाण्याची ओढ वरून दिसत नाही, पण माणसाला आत खेचते.

बुडणारं माणूस ओरडत नाही. तोंड वर करून गटांगळ्या खातं, आणि आवाज न होता खाली जातं. म्हणून पाण्यात मुलं असताना काठावर एक माणूस फक्त बघायला हवा, मोबाईल खिशात ठेवून. मित्र बुडताना दिसला तर उडी मारायची नाही, हे मुलाला शिकवा. दोर, काठी, पंचा, रिकामा कॅन फेकायचा आणि ओरडायचं.

*साप, विंचू.* नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार विषारी साप आपल्या भागात धरून चालायचे. बूट झटकून घालायचे, दगड उचलायचे नाहीत, रात्री टॉर्चशिवाय पाय बाहेर टाकायचा नाही. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात बारीक, दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे मूल पोटात दुखतंय म्हणू लागलं, पापण्या जड झाल्या, बोलणं जिभेत अडकायला लागलं, तर “रात्रीचं जेवण बाधलं” म्हणून ओवा देत बसू नका. मण्यारीची शंका घ्या आणि पळा. कॉटवर, मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचून झोपणं, हा सगळ्यात स्वस्त इलाज आहे.

साप चावला तर दोरी आवळून बांधायची नाही, ब्लेडनं कापायचं नाही, चोखायचं नाही. अंगठी, कडं, पैंजण काढायचं. चावलेला हात-पाय फळीला बांधून स्थिर ठेवायचा आणि मुलाला चालवत न नेता उचलून न्यायचं. सापाला मारायला किंवा पकडायला वेळ घालवायचा नाही. आपल्याकडचं प्रतिविष या चारही सापांवर चालतं. मांत्रिकाकडे अर्धा तास गेला तर तो अर्धा तास परत मिळत नाही.

लाल विंचू चावल्यावर घाम, उलटी, गार पडलेले हातपाय, धडधड अशी लक्षणं दिसली तर ताबडतोब दवाखाना. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार रुळवला तेव्हापासून विंचूदंशानं दगावणाऱ्यांचं प्रमाण खूप खाली आलं, पण त्यासाठी माणूस वेळेत डॉक्टरपुढे पोचावा लागतो.

८. फोन, फोटो आणि रात्र

शिबिरात मोबाईल काढून घेतात, ते मला पटतं. पण दिवसातून एकदा ठरलेल्या वेळी फोन लावून दिला पाहिजे, आणि कार्यालयाचा एक नंबर रात्रीही उचलला गेला पाहिजे. दाजीपूरच्या बाजूला नेटवर्क जातं-येतं. तिथून निरोप कसा पोचणार ते आधी ठरवून घ्या.

फोटो कोण काढणार, कुठे टाकणार, हे लेखी विचारा. पोहताना, कपडे बदलताना, झोपलेल्या मुलांचे फोटो कुणीच काढायचे नाहीत, मुलांनीसुद्धा. झोपलेल्या पोराच्या तोंडाला टूथपेस्ट फासून व्हिडिओ करणं ही त्यांना गंमत वाटते. ज्याचा व्हिडिओ होतो तो जूनमध्ये शाळेत जायला नको म्हणतो.

रात्री खोल्यांवर फेरी मारणारी माणसं दोन असावीत, एकटं कुणी नको. आणि मोठ्या-लहानांची सरमिसळ नको: अकरावी-बारावीची मुलं आणि सातवीतली मुलं एका खोलीत झोपवू नयेत.

९. काही घडलंच तर

- रुग्णवाहिका: १०८
- पोलीस आणि कोणतीही तातडी: ११२
- मुलांसाठी मदत: १०९८, मूल स्वतःही लावू शकतं
- कोल्हापुरात मोठं सरकारी रुग्णालय: सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय)

लैंगिक त्रासाची शंका आली तर आयोजकांच्या “आपसात मिटवू, संस्थेचं नाव खराब होईल” या बोलण्यात अडकू नका. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक मूल, मुलगा असो वा मुलगी, यात येतं. घटना माहीत असून पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत शिक्षा, आणि संस्थेचा प्रमुख असेल तर एक वर्षापर्यंत. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. मुलाचं नाव-फोटो कुठेही छापता येत नाही. मुलाला दहा नातेवाईकांपुढे पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. कपडे धुऊ नका, मेसेज पुसू नका.

१०. परत आल्यावर

पहिल्या दिवशी झोपू द्या. “मजा आली का?” या प्रश्नाला “हो” एवढंच उत्तर येतं, म्हणून बारीक प्रश्न विचारा. कोणाच्या शेजारी झोपायचास? कुठल्या सरांचा राग यायचा? कोण एकटं पडलं होतं? दुसऱ्याबद्दल बोलता बोलता मूल स्वतःबद्दल सांगून जातं. मध्येच “मग तू काय केलंस?” म्हणून तपासणी सुरू केलीत की गप्प होईल.

आठवडाभर लक्ष ठेवा: झोप उडाली, जेवण तुटलं, मोबाईल आला की दचकतं, अमुक एका माणसाचं नाव काढलं की खोलीत जातं, असं काही दिसलं तर डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला. पंधरा दिवसांत ताप आला तर शिबिर कुठे होतं, पाणी कुठलं प्यायलं, गोचीड चिकटली होती का, हे डॉक्टरांना आठवणीनं सांगा.

आणि आयोजकांना एक पान लिहून पाठवा. काय चांगलं होतं, कुठली कडी तुटलेली होती, कुठे माणूस कमी पडला. आपल्याकडे पालक एकमेकांत बोलतात आणि आयोजकांना तोंडावर “छान झालं हं” म्हणतात. लिहिलेलं पान पुढच्या एप्रिलच्या आत पोचलं तर तयारीच्या वेळी त्यांच्या हातात असतं.